ह्यांचं अंपायरशी भांडण

३ एप्रिल

आज हे अंपायरशी भांडले! मी कणकेच्या हातांनीच बाहेर धावले. वाटलं, दारात कोणी आलंय. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही. पाहते तर टीव्हीसमोर एकटेच. हातात गेमचा रिमोट, आणि पडद्यावर एक टोपीवाला जाडा माणूस अंपायरच्या नाकाला नाक लावून हातवारे करतोय. तो जाडा म्हणजे हे – टीमचे मॅनेजर!

ऋत्विकने दिवाळीला आपला जुना गेमचा डबा इथेच ठेवला. त्यात एकच खेळ, बेसबॉल. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ह्यांना घरात बसवेना, म्हणून मीच म्हटलं होतं, लावून पाहा. आता सोडत नाहीत.

हसले मी खूप. तेही हसले.

५ एप्रिल

नियम ह्यांना मीच शिकवले. अकोल्याला कॉन्व्हेंटात आम्ही सॉफ्टबॉल खेळायचो – चुलत भावंडंच ही दोन. मी कॅचर होते. तोंडावर जाळी, पायांत खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. मैदानाच्या कडेला निलगिरी. आजही कोणी सर्दीला निलगिरीचं तेल लावलं की मला आधी ते मैदान दिसतं.

सिस्टर बर्नाडेट अंपायर असायच्या. त्यांचा निकाल चुकला तरी "थँक यू, सिस्टर" म्हणून जागेवर परत जायचं. एकदा आमची एक मुलगी हुज्जत घालायला लागली, तर सिस्टरांनी खेळ थांबवला आणि आम्हा सगळ्यांना चॅपेलमध्ये नेऊन बसवलं. ओरडल्या नाहीत. नुसतं बसवलं.

ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग आमच्याच घरची म्हना तुमची सिस्टर." खरंच. हे ह्या घरात असेच वाढले. मोठा भाऊ म्हणजे गप्प बसायचं.

८ एप्रिल

मोजणीची नोटीस आली. २१ तारीख.

आमच्या आणि कारभारी भाऊजींच्या शेताच्या मधला धुरा, म्हणजे बांध. भाऊजी हे माझे धाकटे दीर. दर उन्हाळ्यात त्यांचा ट्रॅक्टर नांगरताना धुऱ्यावर वीतभर चढतो, आणि दर उन्हाळ्यात धुरा वीतभर आमच्याकडे सरकतो. हे पाहतात आणि घरी येतात. मोजणीचा अर्जही मीच मागे लागून करायला लावला.

संध्याकाळी भाऊजी ओट्यावर आले. म्हणाले, दादा, मोजनी कशाले आनली, मले सांगतलं असतं तं मीच काढून देल्ला असता. हे म्हणाले, हाव. चहा पाजला. नेहमीचं.

भाऊजी गेल्यावर ह्यांनी गेम लावला. तीनदा अंपायरच्या अंगावर गेले.

९ एप्रिल

ऊन फार. दुपारभर टीव्हीवर तेच भांडण.

११ एप्रिल

आज नीट बसून पाहिलं. एक बटण दाबलं की मॅनेजर मैदानात जातो. त्याच्या डोक्यावर एक पट्टी असते, भांडत गेलं की लाल होत जाते. पूर्ण भरायच्या आत मागे फिरलं तर ठीक, नाहीतर अंपायर हात उगारून मैदानाबाहेर काढतो. निकाल मात्र बदलत नाही. कधीच नाही.

मग भांडायचं कशाला, मी विचारलं. ह्यांनी खेळूनच दाखवलं. मुद्दाम पट्टी भरू दिली. मॅनेजर बाहेर गेला. आणि त्यांच्या टीमच्या सगळ्या पोरांच्या नावांपुढे छोटे दिवे लागले. पुढचे तीन चेंडू त्यांनी कुंपणाबाहेर मारले.

"पाह्यलं का वं? मॅनेजरले हाकललं का पोरं पेटतात."

डोळे चमकत होते. मला ते डोळे ओळखीचे वाटले नाहीत. उगाच लिहिते आहे. ऊन डोक्यात चढलं असेल.

१३ एप्रिल

ऋत्विकचा फोन. स्पीकरवर होता, हे शेजारी. त्याने सरळच सांगितलं: काका सगळं शेत घ्यायला तयार आहेत, भाव चांगला देतायत, मोजणीबिजणीच्या भानगडीत पडू नका. तुम्ही दोघं पुण्याला या. मला काही ते शेत करायचं नाही, आई.

वाईट बोलला नाही. लाडानेच बोलला. पण ह्यांच्या आजोबांनी फोडलेली जमीन ती.

हे म्हणाले, "बरं."

फोन ठेवला आणि खेळायला बसले. आज प्रत्येक डावात मुद्दाम बाहेर गेले. भांडताना आता ओरडतही नाहीत. ओठ हलतात फक्त.

१५ एप्रिल

सकाळी मला मळ्यात नेलं. मोटारीचा स्टार्टर कसा टाकायचा ते दाखवलं. पाइपाच्या कोणत्या वालने कुठलं पाणी जातं तेही. म्हटलं, मला काय करायचं हे? "माहीत असावं," म्हणाले.

दुपारी कपाटातून दोन सदरे काढून इस्त्रीला दिले. मोजणीसाठी म्हणाले. दोन कशाला?

माझ्या मनात नको ते येतंय. मॅनेजर बाहेर गेला की पोरं पेटतात. हे बाहेर जायचं म्हणजे काय करणार आहेत हे? आमच्या गावात एखादा गप्प माणूस अचानक शहाण्यासारखं सगळं आवरायला लागला की बायका एकमेकींकडे बघतात. मी दोन अशा बायकांच्या घरी बसायला गेले आहे.

गोठ्यातल्या फवारणीच्या औषधाच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. ऋत्विकला फोन केला – तू ये. बाबांची तब्येत? नाही, पण ये. मोजणीला तू ह्यांच्याजवळ उभा राहा.

येतो म्हणाला. किती बरं वाटलं!

१८ एप्रिल

गुड फ्रायडे. शाळेत आज कोणी मोठ्याने बोलत नसे. ऋत्विक आला. त्याला दारात पाहून ह्यांनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

२० एप्रिल

बाप-लेक दुपारभर खेळले. जुने दिवस आले परत. शाळेतून आल्या आल्या हा असाच बापाच्या मांडीला टेकून बसायचा. मी कैरीचं पन्हं केलं. ऋत्विक ह्यांची थट्टा करत होता, सारखं बाहेर जाऊन कोणी जिंकतं का म्हणून.

"बाबा, तो अंपायर काही ऐकत नसते. मशीन आहे ते."

"त्याले कोन सांगून राह्यलं? मी पोरायले दाखवून राह्यलो."

ऋत्विक हसला. मीही हसले, पण पन्ह्याचा पेला हातात तसाच राहिला.

नंतर त्याने विक्रीचा विषय काढला. उद्याचं होऊन जाऊ द्या, मग काकांशी मी बोलतो. हे हो म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की माझी भीती अजूनच वाढली. किल्ली कमरेलाच आहे.

२१ एप्रिल

संपलं एकदाचं. हे सुखरूप घरी आहेत. देवा, थँक यू.

मोजणीवाले साहेब सकाळीच आले. काठीवरचं यंत्र घेऊन हिंडले, त्यांच्या माणसाने चुना टाकला. रेघ भाऊजींच्या बाजूने गेली. धुऱ्यालगतची जवळजवळ सगळी पट्टी त्यांचीच ठरली. खरं-खोटं देव जाणे.

हे साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. काय तो आवाज! आजूबाजूच्या शेतांतली माणसं गोळा झाली. साहेब बिचारे हात जोडून सांगत होते की काका, मी फक्त खूण दाखवतो, हरकत असेल तर वर अर्ज करा. मी ऋत्विकला पुढे ढकललं – आवर त्यांना. तो जाईपर्यंत भाऊजीच मध्ये आले. समजावायलाच आले होते, खोटं कशाला लिहू. दादा, चाला, सावलीत बसू, असं म्हणत होते.

ह्यांनी त्यांच्याकडे वळून काहीतरी म्हटलं. हळू. कानाशी. मला ऐकू गेलं नाही, कोणालाच नाही.

भाऊजींनी ह्यांच्या थोबाडीत मारली.

टोपी चुन्यात पडली. धाकट्याने थोरल्यावर हात टाकला, तोही पोटच्या पोरादेखत, गावादेखत. भाऊजींचाच चेहरा पांढरा पडला. त्यांना रडू फुटलं. "तुमी काऊन असं बोल्ले हो दादा?" एवढंच पुन्हा पुन्हा. त्यांची बायको छाया त्यांना धरून घेऊन गेली.

हे तिथेच उभे. मला वाटलं, आता इथेच छातीत काही होतं. मी ह्यांच्यावरची नजर काढली नाही. ऋत्विकने टोपी उचलली, झटकली, बापाच्या डोक्यावर नीट ठेवली.

घरी आल्यावर हे दोन भाकरी जेवले. पिठलं मागून घेतलं. आणि झोपलेही लगेच, लहान मुलासारखे. ऋत्विक ताटावर बसला नाही. ओट्यावर बसून होता. प्रवासाने आणि उन्हाने दमलाय पोरगा.

औषधाच्या खोलीचं कुलूप काढलं. उगाच घाबरले होते मी.

२२ एप्रिल

सकाळी छायाचा फोन. उजाडताच ऋत्विक धुऱ्यावर गेला होता. भाऊजी मोटार लावायला आले होते. लोखंडी सब्बल होती ऋत्विकच्या हातात. भाऊजींच्या डोक्याला लागलंय, मेहकरच्या दवाखान्यातून पुढे पाठवलं. शुद्ध नाही. ऋत्विकला पोलीस जीपमधून घेऊन गेले.

ह्यांना सांगताना पाण्याचा तांब्या हातातच धरला होता. वाटलं, कोसळतील.

भावाचं विचारलं नाही. तांब्या घेतला, सगळं पाणी प्याले, आणि म्हणाले,

"आता नाही इकत पोरगा ते शेत."