डाव्या बाजूचं स्टिअरिंग

कोन, भिवंडी

मिलिंद, सप्रेम जय भीम.

तू बोटीवर आहेस, वाचून घाबरशील, म्हणून हे पत्र पाठवणार नाही. पण लिहिल्याशिवाय मला बसवत नाही.

मंगळवारी आईंच्या छातीत दुखू लागलं. ॲम्ब्युलन्स रांजनोली नाक्यावर अडकली होती. दारात होती ती तू पाँडिचेरीहून आणलेली जुनी फ्रेंच स्पोर्ट्स गाडी, अल्पाईन. 'हे खेळणं विकून टाक' म्हणून मीच तुझ्यामागे लागले होते. आईंना त्या बुटक्या सीटवर कसंबसं बसवलं, डावीकडच्या स्टिअरिंगवर मी बसले आणि कल्याणकडे निघाले.

दुर्गाडी पुलावर कंटेनरची रांग होती. लोक मोबाईल काढून गाडीचे फोटो घेऊ लागले. काच खाली करून मी ओरडले, "हॉस्पिटल जाना है, माँ को तकलीफ है."

एक ट्रकवाला खाली उतरला. पुढच्या गाड्या बाजूला करून तो म्हणाला, "भाभी, अब भगाओ."

मी पळवली. आई एका हाताने छाती आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरून होत्या.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आई काल घरी आल्या.

मला मात्र तेव्हापासून चैन नाही. भाजी चिरतानाही पाय क्लच शोधतो. तू ठरवलेलं गिऱ्हाईक रविवारी गाडी न्यायला येणार आहे. त्याला काय सांगू, असं आज आईंना विचारलं.

"सांग, घरात कोन न्हाय," त्या म्हणाल्या. "दोघी गाडी घेऊन गेल्यात."

तुझीच,
धम्मदिना