हरणाऱ्याचं बक्षीस

रोल्ला, शारजा
२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रकाशभावजींस,
छायावहिनीचे अ. उ. आ.

त्या दिवशी सकाळी मी मटकी उपसून फडक्यात बांधत होते. आमच्या वाटणीच्या बर्नरवर चहा, शेजारच्या खोलीतल्या फिझाच्या बर्नरवर तिचं दूध. तुमचे दादा बूट घालता घालता म्हणाले, संध्याकाळी एक गोष्ट सांगायची आहे, चिडायचं नाही. मी म्हटलं, आधी डबा पूर्ण खाऊन या, मग बघू. दुपारी त्यांच्या गोडाऊनमधून फोन आला. हार्ट अटॅक. गोष्ट सांगायची राहिली.

तेराव्यानंतर तुम्ही फिरकला नाहीत, फोन उचलत नाही. सख्खा दीर इथून तासाभरावर इंटरनॅशनल सिटीत राहतो आणि मी त्याला पत्र लिहिते, याला काय म्हणावं? हे आमच्या इमारतीतल्या सेबॅस्टियनच्या हाती पाठवतेय, तुमच्याच ऑफिसात कामाला येतो म्हणून. सोबत लिंबाचं लोणचं आहे. ते पोचलं नाही तर त्यालाच धरा.

आता मुद्द्याचं. ह्यांच्या कपाटात तिबिलिसीच्या त्या कॅसिनोचं पत्र सापडलं. डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही दोघं गेला होतात तिथलं. मुग्धाची डिक्शनरी घेऊन चार दुपारी बसले. जेवढं उमजलं ते असं: पोकरमध्ये चार राण्या किंवा त्याहून मोठा हात असूनही जो हरतो, त्याला जॅकपॉट मिळतो. हरणाऱ्याला बक्षीस देणारा खेळ मी पहिल्यांदाच ऐकला. अटी मात्र लग्नाच्या याद्यांसारख्या. हातातली दोन्ही पानं वापरात आली पाहिजेत. निदान पाच जण खेळात हवेत. आणि डाव संपेपर्यंत टेबलावर कुणी पत्त्यांविषयी अवाक्षर काढायचं नाही, बोलायचं तर फक्त इंग्रजीत. ह्यांचं सगळं बसलं, पण टेबलावर परकी भाषा ऐकू आली म्हणून पैसे रोखले आहेत. काय बोलणं झालं ते दोघांनी लेखी कळवायचं आहे. मुदत पंधरा फेब्रुवारी.

रक्कम एक लाख ऐंशी हजार दिरहॅम. रुपयांत बेचाळीस लाखांच्या वर. खोलीचा करार मार्चअखेर संपतोय. पैसे आले तर मुग्धाची बारावी इथेच होईल, नाहीतर शाळा अर्धी टाकून नाशिक. तिला विचारलं तर इट्स ओके, आई, म्हणते आणि पाठ फिरवते.

त्या टेबलावर कोण काय बोललं, भावजी? खरं लिहा. बाकी काय असेल ते असो, वहिनीवरची माया आटू देऊ नका.

तुमची,
छायावहिनी


इंटरनॅशनल सिटी, दुबई
६ फेब्रुवारी २०२५

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर तुमच्या नावाआधी काय लिहावं कळेना. हाताने सवयीने सौ. लिहिलं. ते पाकीट फाडून दुसरं घेतलं आणि नुसतं नाव लिहिलं. लोणचं पोचलं. थोडं कमी होतं.

वहिनी, बोललो तो मी.

दादाच्या हातात दोन राण्या होत्या. माझी पानं मी केव्हाच टाकली होती. तो पत्ते उचलून बघायचा तेव्हा मला शेजारून कोपरा दिसायचा. टेबलावर सगळ्यांसाठी उघडी मांडतात त्या पानांत तिसरी राणी आली, मग शेवटच्या पानाला चौथी. तुम्हाला माहीत आहे, नाशिकला मेंढीकोटात आम्ही दोघं कायम भिडू असायचो. भिडूला बोलून सुचवणं म्हणजे लबाडी, पण आमच्या घरात ती कुणी लबाडी धरलीच नाही. आई तर स्वतः खोकून इस्पिक सांगायची. तीस वर्षांची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, दादा, चारही राण्या आल्या, आता सोडू नको. दादाही काहीतरी पुटपुटला. गप रे, असं म्हणाला असणार. मला नीट ऐकू आलं नाही, कारण पत्ते वाटणाऱ्या बाईने तेवढ्यात हात वर केला होता.

समोरच्याकडे बदामाची ओळीने पाच पानं निघाली, ती चार राण्यांहून वरचढ. दादा हरला, म्हणजे जिंकला, आणि मी ते घालवलं. विमानात तो एवढंच म्हणाला, मेंढीकोटात चाललं असतं रे. मला कधी एक शब्द बोलला नाही. महिनाभरात गेला. तुमच्यासमोर कसा येऊ?

एक कागद टाइप करून सही करून जोडला आहे. भावाला जेवायला कधी जायचं ते विचारलं, एवढंच लिहिलंय. दादाच्या बाजूने तुम्ही तसंच लिहून सही केलीत तर खलास, म्हणजे काम झालंच. खोट्याचं पाप मी घेईन, पण मुग्धाची शाळा सुटू नये.

रागावलात तरी आपलं माना.

आपला,
प्रकाश


रोल्ला, शारजा
९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रकाशभावजींस,
अ. उ. आ.

तुमचा कागद मिळाला. ह्यांचाही एक मिळाला. त्याच कपाटात, गॅरंटी कार्डांखाली. ह्यांनी कॅसिनोला उत्तर लिहायला घेतलं होतं, वळणदार इंग्रजीत. माझा भाऊ म्हणाला की, आणि तिथे थांबले आहेत. खाली सगळा कागद कोरा. खरं लिहिलं तर तुमच्यावर येतं, खोटं ह्यांना लिहिता येत नव्हतं. दोन्ही जमेना म्हणून कागद ठेवून दिला असणार.

मी दोन दिवस तो समोर ठेवून बसले. मग त्यांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात जेवणाचं वाक्य लिहिलं, पत्नी म्हणून सही केली आणि तुमच्या कागदासोबत कुरियरने पाठवलं. पोथीपुराणं वाचलीत मी, याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तुम्ही पाप घ्यायचं कारण नाही. सही माझी आहे.

जेवायला या कधीतरी. माया होती तशीच राहू द्या.

तुमची,
छायावहिनी


रोल्ला, शारजा
४ मार्च २०२५

चि. प्रकाशभावजींस,
अ. उ. आ.

कॅसिनोचं उत्तर रविवारी आलं. नाही म्हणाले. त्यांच्या टेबलावर आवाजही टिपला जातो आणि त्यांनी मराठी येणारा माणूस शोधून तो लिहून घेतला आहे. आपण दोघांनी दिलेलं निवेदन खोटं आहे, यापुढे पत्रव्यवहार होणार नाही, असं लिहिलंय. मला लाज वाटली, पण रडू आलं ते त्याने नाही.

सोबत त्या बोलण्याचा इंग्रजी तर्जुमा जोडला होता. तुमचं वाक्य तुम्ही सांगितलंत तसंच आहे. त्याखाली ह्यांचं. ते गप रे नव्हतं. मी इंग्रजीतून ते परत आपल्या भाषेत आणलं, ह्यांच्या तोंडी कसं आलं असेल तसं: आता छायाला वेगळं स्वयंपाकघर.

तेव्हा नियम तुम्ही एकट्याने मोडला नाहीत. ह्यांनीही मोडला, माझ्या नावाने. एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. समाधान म्हणून नाही, ते माझ्याकडे नाही. त्या संध्याकाळी हेच सांगणार होते की काय, कोण जाणे. इथे अकरा वर्षं दोन कुटुंबांत एक ओटा. मी कधी तक्रार केली नव्हती, पण ह्यांनी ऐकली होती.

मुग्धाचा दाखला काढायला टाकलाय. तिकिटं तीस तारखेची आहेत. विमानतळावर सोडायला या, फोन न उचलणाऱ्या माणसालाही गाडी चालवता येते. लांब गेलो तरी आम्हा दोघींना विसरू नका.

तुमची,
छायावहिनी

ता. क. उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघेपर्यंत लागेल तेवढं खोलीतल्या विजेच्या शेगडीजवळ ठेवलं, उरलेली मटकी आणि मसाल्याचे डबे पेटीत भरले, स्वयंपाकघरातला आमचा कप्पा पुसला आणि त्याची किल्ली फिझाला दिली.