चि. लिव हिस

वसई,
३ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. बेनिटा हिस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल तुझा फोन आला नि लगेच कट झाला. खरखरीत एवढंच ऐकू आलं, आई, लिव. तुझे बाबा बोटीवर निघताना मला नेहमी लिव गं म्हणून जायचे. म्हटलं, लेकीला आईच्या हातचं पत्र हवंय. सातव्या महिन्यात असलेही डोहाळे लागत असतील! म्हणून वहीचं पान फाडून बसले. नंतर मी फोन केला तर रसेलराव म्हणाले, तू झोपली आहेस, सगळं ठीक आहे. त्यांचा आवाज बसलेला वाटला. अस्करच्या कारखान्यातली भट्टीवरची ड्यूटी झेपते ना त्यांना?

मुलगी झाली तर माझ्या आईचं, मोनिका, हे नाव ठेवायचं ठरलंय. विसरू नकोस. आपल्या शेजारच्या जॅकलीनची सुट्टी संपली, ती उद्या बहारीनला परततेय. तिच्याजवळ हे पत्र आणि सुके बोंबील देते.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी आई

मनामा,
८ फेब्रुवारी २०२४

ती. आईस बेनिटाचा सा. न. वि. वि.

बोंबील मिळाले. पत्र वाचून खूप रडले. आई, मी तुला लिहायला सांगत नव्हते. ते तुझ्या नातीचं नाव होतं. एक तारखेला, दोन महिने आधीच झाली. अकराशे ग्रॅमची आहे. काचेच्या पेटीत ठेवलंय, नाकात नळी आहे. फोन कट झाल्यावर पुन्हा सांगायचा धीरच होईना. तुझं बीपी आठवलं. रसेलना खोटं बोलायला मीच लावलं.

कळा सुरू झाल्या तेव्हा ते ड्यूटीवर होते. आमच्या वरच्या मजल्यावर नॉर्वेच्या लिवबाई राहतात, त्यांनी मला हॉस्पिटलात नेलं आणि शेवटपर्यंत माझा हात सोडला नाही. मी त्यांना नावाचा अर्थ विचारला. म्हणाल्या, फार जुन्या काळी त्याचा अर्थ आडोसा, रक्षण असा होता. आता त्यांच्या भाषेत लिव म्हणजे जीवन. डॉक्टर म्हणाले पहिले पंधरा दिवस कठीण आहेत. मग मला दुसरं नावच सुचेना.

रसेल कुरकुरतात. त्यांच्या शिफ्टमधल्या अर्शदला नाव सांगितलं, तर त्याने विचारलं की किती दिवसांची लीव मिळाली! जन्मदाखल्याचा फॉर्म अजून कोरा आहे. तू नको म्हणालीस तर मोनिका घालू. पण पेटीजवळ मी तिला याच नावाने हाक मारते.

रसेलचा मित्र कामिल उद्या वसईला येतोय, त्याच्याजवळ देते. रागाव, पण माया आटवू नकोस.
तुझी बेनिटा

वसई,
११ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. बेनिटा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आठ दिवस आईपासून लपवलंस, याचा राग आला आहे आणि तो राहील. फोन हातात घेतला, पण मलाही बोलवेना. तुझ्यावर गेलेय म्हणायची मी.

आईचं नाव मागे पडणार म्हणून खट्टू झाले, खोटं कशाला सांगू? मग कागदावर लिव असं लिहून पाहिलं. शेजारी जीव लिहिलं. एका अक्षराचा तर फरक! त्या नॉर्वेच्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि बोंबील खाऊ घाल.

सोबत दुसरी चिठ्ठी आहे, ती पेटीपाशी उभी राहून वाचून दाखव. तिच्यावर चि. लिव हिस असं घातलंय. तुम्ही पोरींनी हल्ली चि. लिहायचं सोडून दिलंत. चि. म्हणजे चिरंजीव. फॉर्मवर तू नुसतं लिव घाल. चि. मी लावलंय, ते आता निघायचं नाही.

तुम्हा तिघांवर जीव असलेली,
लिवची आजी