डिस्चार्जचा अर्ज आणि अकरा कोकरं

१८ नोव्हेंबर १९७४, पहाटे ५
महिन्याची रजा. डिस्चार्जचा अर्ज टाइप करूनच आणलाय, सही तेवढी बाकी. फौजेत सतरा वर्षं नोकरी झाली. आत्ता सुटलो तर पेन्शन कमी, आणखी चार वर्षं काढली तर पूर्ण. पण विजापूर रोडच्या या वस्तीवर साठ मेंढरं, आई म्हातारी आणि बायको फुलाबाई एकटी. माझ्याशिवाय कसं चालायचं? सही उद्या.

१९ नोव्हेंबर
पेनात शाई नाही. (हे पेन्सिलीनं लिहितोय.)
मेंढरांना फॉल-इन दिला. तीनदा शिट्टी मारली. एक हाललं नाही, कुत्रं मात्र अंगावर आलं. फुलाबाईनं चुलीपासनंच ‘हर्रर’ केलं, तशी सगळी उठून चालू लागली. शिट्टी जुनी झालीय.

२३ नोव्हेंबर
संध्याकाळी मोजणी. एकदा एकोणसाठ भरली, एकदा त्रेसष्ट. फुलाबाई मोजतच नाही. नुसती नजर फिरवली, म्हणाली काळ्या कानाची मागं राहिली, आणि जाऊन घेऊनही आली. सिस्टिम म्हणून नाहीच. मी वेळेवर आलो म्हणायचं.

३० नोव्हेंबर
आठवड्यात अकरा कोकरं झाली. काय ती घाण! शहरातल्या सात रस्ता चौकातून कार्बोलिक साबणाच्या चार वड्या आणल्या. शाई राहिलीच.

१ डिसेंबर, दुपार
फुलाबाई बाजारला गेलीय. अकराच्या अकरा कोकरं घासून धुतली. इन्स्पेक्शनला उभी करावीत अशी दिसतात. आई म्हणाली, हे काय करून बसलास सिदू. आईला हायजिन कळत नाही.

१ डिसेंबर, संध्याकाळ
भानगड झाली. अंगाचा वास गेला, त्यामुळं मेंढ्या आपल्याच कोकरांना ओळखेनात. हुंगतात आणि ढुशी देतात. उपाशी कोकरं ओरडतात, ते ऐकवत नाही. इतका मी कधी घाबरलो नव्हतो.
फुलाबाई आली. एकेका मेंढीचं दूध काढून तिच्या तिच्या कोकराला चोळत बसली. कुठलं कुणाचं, हे तिला विचारावं लागलं नाही. मी मेंढ्या धरत होतो. मध्येच ते काम तिनं आईला दिलं.

२ डिसेंबर
दहा प्याली. अकरावं फुलाबाईनं मांडीवर घेऊन बोळ्यानं पाजलं. म्हटलं, तू म्हणशील तर आज सही करतो. कोकराचं तोंड पुसत ती म्हणाली,
“तुमी आला की लई बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पर मेंढरं, कुत्रं, मी, समदी तुमाला पावनाच धरतो. हितं ऱ्हायचं तर आदी हितला वास लागू द्या की अंगाला.”
मी विचारलं, त्याला किती दिवस लागतात. ती हसली. म्हणाली, रजा हाय तवर साबण लावू नका.

१७ डिसेंबर, गाडीत
पूर्ण विचार करून ठरवलं. देशाला माझी गरज आहे, आणखी चार वर्षं. निर्णय माझा एकट्याचा. ट्रंक तिनं परवाच भरून ठेवली होती, तो निव्वळ योगायोग.
पंधरा दिवस साबण लावला नाही. आज निघताना कुत्रं भुंकलं नाही. अकरावं कोकरू तर पायाला हुंगत फाट्यापर्यंत आलं.
शेजारचा माणूस मघाशीच उठून पलीकडं जाऊन बसलाय. भाकरी काढायला ट्रंक उघडली, तर सगळ्यात वर कार्बोलिकची उरलेली वडी. खाली अर्ज, नीट घडी घातलेला, बिनसहीचा.
टॉवेल घेऊन नळापर्यंत गेलो. परत आलो. साबण उद्या.