डाळिंबाची साल आणि कोरडं तोंड

मंगळवार, ४ मार्च

साली वाळवायचा ओव्हन पुन्हा बंद पडला. सगळी डाळिंबाची साल बुरसली, फेकली. आता परत सोला, वाळवा, दळा, अर्क काढा. लॅबमध्ये मला ‘फळवाली’ म्हणतात ते उगाच नाही.

तसे निकाल चांगले येतायत. दवाखान्यांतून आलेल्या, काढलेल्या दातांवर आम्ही किडीचे जंतू वाढवतो. सालीचा अर्क घातला की त्यांचा थर धरतच नाही. सर खूश आहेत. मीही असायला हवी. मला नुसती झोप हवी आहे.

शुक्रवार, ७ मार्च

बाबांकडे जाऊन आले. घशाचा कॅन्सर गेला, पण रेडिएशनने तोंडातली लाळ पार आटवली. तेव्हापासून दात किडतायत — एकामागून एक, हिरडीपाशी काळे पडत. दाढा गेल्याच. त्याचं त्यांना काही नाही. जीव अडकलाय वरच्या समोरच्या दोन दातांत. क्लॅरिनेटचं टोक त्या दोघांवर टेकतं. उभा जन्म बँडमध्ये वाजवून त्यांना खाच पडली आहे. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून त्या खाचेत नख घालून बघायचे.

“कवळी लावून वाजवायचं म्हणजे उसन्या पायांनी नाचायचं,” म्हणाले. मग हसत — “अगं फळवाले, जगाचे दात वाचवतेस, घरचे दोन वाचव की.”

मला हसू आलं नाही.

शनिवार, ८ मार्च

घरी सालीचा काढा केला, बाबांना चूळ भरायला. दातांच्या डॉक्टरीणबाईंना आधी विचारलं. “अपाय नाही. पण फ्लोराइडची पेस्ट सोडायची नाही, आणि चमत्काराची वाट बघायची नाही.”

कोण बघतंय वाट? मीच.

सोमवार, १७ मार्च

आईचा फोन. “सकाळ-संध्याकाळ न चुकता चूळ भरतात गं. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं, पण भरतात.” आईने दिलेलं औषध खिडकीबाहेर टाकणारा हा माणूस! माझ्यावर एवढा विश्वास. भीती वाटते.

मंगळवार, १८ मार्च

ओव्हन दुरुस्त. मी नाही.

बुधवार, २६ मार्च

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. वरच्या दोन्ही दातांची कीड वाढली आहे. “आज ना उद्या काढावे लागतील. दुखत असतीलच.” बाबा म्हणाले, छे, कुठे काय.

घरी आल्यावर हळूच म्हणाले, “तुझ्या काढ्याने जीभ टाळूला चिकटते गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

आईने चहा केला, तो तसाच गार झाला.

गुरुवार, २७ मार्च

अक्कल कुठे गहाण ठेवली होती मी?

सकाळी दात भिजवत होते. प्रयोगाआधी प्रत्येक दात कृत्रिम लाळेत भिजवायचा, ही आमची पद्धत. इतकी वर्षं केलंय की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. लाळेचा पातळ थर दातावर बसतो, आणि अर्क त्या थराला धरून राहतो. बाबांच्या तोंडात तो थरच नाही! अर्क धरणार कशाला? उलट तुरटपणाने होती नव्हती ती ओलही गेली. बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिले.

ज्यांचं तोंड कोरडं, त्यांचेच दात असे भराभर किडतात. आणि त्यांच्यासाठी आम्ही काही तपासलेलंच नाही.

सरांना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. “मुद्दा बरोबर आहे. पण असलेले दात चालू प्रयोगात गेले. नवे आले की बघू.” नवे येतात तेव्हा येतात.

रविवार, ३० मार्च

बाबांना सगळं सांगितलं. काढा बंद करा म्हटलं. चुकलं माझं, म्हटलं. रडूच आलं.

ते क्लॅरिनेट पुसत होते. “म्हणजे तुझ्या भांड्यातल्या दातांना लाळ होती, माझ्या दातांना नाही. एवढंच ना?”

एवढंच.

“मग बिनलाळेचं करून बघ.”

दात नाहीत बाबा, म्हटलं. कोणीतरी काढल्याशिवाय आम्हाला मिळत नाहीत.

“हं.”

मग वाजवलं. बऱ्याच दिवसांनी, सबंध. मधे दम तुटत होता. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. शेवटचा सूर त्यांनी खूप लांबवला. मग क्लॅरिनेटचे भाग सुटे करून, एकेक कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. एरवी ते तसंच टेबलावर पडलेलं असतं.

बुधवार, २ एप्रिल

आईचा फोन. बाबा बरे आहेत, झोपलेत म्हणाली. दुपारचे? विषय बदलला तिने. मीही खोदलं नाही, त्राण नव्हतं.

शुक्रवार, ४ एप्रिल

दवाखान्यातून नवी बरणी आली. बरणीवर नाव कधीच नसतं, नुसता नंबर. आत दोनच दात. वरचे, समोरचे, मुळाशी काळे. बिनलाळेचा प्रयोग यांच्यावरच करू म्हणून मी लाळेची बाटली बाजूला सारली आणि एक दात चिमट्याने उजेडात धरला. टोकाला खाच होती. हातमोज्यातूनही माझं नख तिच्यात बरोबर बसलं.