तिघांच्या फडाला एक गादी

१२ फेब्रुवारी २००१, सोमवार

आजपासून रोजनिशी. मी, गोजरबाई, सांगणार आणि शेजारची शकीला लिहिणार. ती दहावी पास, मला अक्षर येत न्हाई. शकीलानं इचारलं, आजी, हे वाचणार कोण. म्हणलं, कुणीच न्हाई, आपल्यापुरतं आहे. ती म्हणे, तुम्हाला तर वाचता येत न्हाई. म्हणलं, म्हणून तर बिनघोर आहे.

संकल्प एकच. औंदा हनुमान जयंतीच्या जत्रेत अमेरिकेचा तिघांचा फड आणायचा. हिप-हॉपचा.

त्यांच्या कॅसेटी माझा नातू धर्मा घेऊन आल्ता, औरंगाबादेत इंजिनिअरिंगला असताना. मंग पुण्यात नोकरी लागली, तो गेला आणि टेप-कॅसेटी माझ्याकडं ठेवून गेला. विसरून न्हाई, ठेवून. हे लोक गात न्हाईत, तालावर बोलतात. कॅसेटीच्या फोटोतला चष्मेवाला सुरू करतो, साखळीवाला त्याच्या तोंडातला शब्द ओढून घेतो, आणि तिसरा मागं उभा राहून नुसता शेवटचा शब्द म्हणतो. पोवाड्यात झीलकरी असतो तसा. माझा जीव त्या मागच्यावर.

लाइव्ह शोची कॅसेट सगळ्यात भारी. चष्मेवाला पब्लिकला काही इचारतो आणि सगळी माणसं एका गळ्यानं उत्तर देतात. धर्मा सुट्टीत इथं असायचा तवा तो चष्मेवाला व्हायचा आणि मी पब्लिक. आता इचारायचं काम कॅसेटच करते, त्यामुळं धर्माची तशी गरज राह्यली न्हाई.

१९ फेब्रुवारी, सोमवार

जत्रा कमिटीचा अध्यक्ष काकासाहेब, माझा पुतण्या. त्याला घरी बोलावून चहा पाजला आणि फडाचं सांगितलं. तो म्हणे, काकू, मागच्या वर्षी परभणीचा आर्केस्ट्रा डिझेलवरून भांडून गेला, तू अमेरिकेचं काय काढलं. मंग हसत हसत गेला. न्हाई म्हणला न्हाई. निम्मं काम झालं.

सलीमच्या एसटीडी बूथवरून धर्माला फोन लावला. सलीम म्हणजे शकीलाचा नवरा, नंबर तोच फिरवतो. धर्माला म्हणलं, त्यांना सुपारी द्यायची आहे, जत्रेला घेऊन ये. तो लई हसला. म्हणला, हो आजी, सांगतो त्यांना. म्हणलं, तुला बी यावं लागंल, त्यांची भाषा इथं कुणाला येती. म्हणला, बघू.

बघू म्हणजे येतो. पुण्यात असंच बोलतात.

डब्यातली अख्खी सुपारी काढून देवापुढं ठेवली. बिनसुपारीचा कोणताच फड गाडीत बसत न्हाई.

२ मार्च, शुक्रवार. दुपारी

तयारी जोरात. कॅसेटीवरचा फोटो नीट पाह्यला. तिघांचे कपडे इतके ढगळ की मोठ्या भावांचे असतील. धाकट्यांचं सगळीकडं असंच.

शकीलाला पब्लिक केलं. तिला सांगितलं, चष्मेवाल्यानं इचारलं की वरडायचं. ती म्हणे, क्या पूछ रहा, ये तो बताओ. म्हणलं, पब्लिकला कुठं कळतं, ते वरडतं. दोन डाव बराबर वरडली, तिसऱ्या डावाला तिची सासू भिंतीपलीकडून म्हणे कोण मेलं.

पिंजारी आल्ता. गादी पिंजून घेतली, खोळ नवी. शकीला म्हणे, आजी, फड तिघांचा आणि गादी एक. म्हणलं, अमेरिकेची लोकं खालीच निजतात, पाठीला बरं असतं. ती म्हणे, मंग ही कुणाची. म्हणलं, तू जल्दी लिही, ऊन उतरून राह्यलं.

११ मार्च, रविवार

पोरगा-सून, धर्माचे आई-बाप, जालन्याहून येऊन गेले. पोरगा बियाणे कंपनीच्या हपिसात आहे. दर वेळी म्हणतो, इथं एकटी काय करती, आमच्याकडं चल. गेले असते. पण त्यांच्या ब्लॉकमधे टेप मोठा लावू देत न्हाईत. आणि धर्मा आला तर इथं कुलूप पाहील.

मागनं म्हणलं, फड इथं उतरणार म्हणून जात न्हाई, असं लिही. शकीलानं आधीचंच लिहून ठेवलं.

पोराला धर्माचं इचारलं. तो म्हणे, आमच्याकडं तरी कुठं येतो. सून म्हणे, दोन वर्षं झाली. तिला हिशोब ठेवायची सवयच आहे.

२६ मार्च, पाडवा

धर्माचा फोन आला न्हाई. सलीमचा बूथ दुपारपस्तोर बंद होता, तेवढ्यातच त्यानं लावला असंल. सलीमला तसं बोलले. तो म्हणे, आजी, मैं तो सुबह से बैठा हूँ. त्याला काय, त्यो खुर्चीतच झोपतो.

काकासाहेबानं जिंतूरचा आर्केस्ट्रा ठरवला. ठरवू दे. फडाची गाडी लेट झाली तर पब्लिक बसवून ठेवायला कुणीतरी पाहिजे.

आज ठरवलं, लाइव्ह कॅसेट रोज एकदाच लावायची, फीत झिजते. संध्याकाळी पुन्हा लावली. सणाचा दिवस होता.

५ एप्रिल, गुरुवार

सलीम पळत आला, धर्माचा फोन. चप्पल न घालता गेले.

धर्मा म्हणे, आजी, जत्रेला जमत न्हाई, कामाचं लई चालू आहे. म्हणलं, तुझं राहू दे, फडाचं बोल.  तो म्हणे, आजी, तू ते खरं समजलीस व्हय. ते कवाच वेगळे झाले. मी कॉलेजात होतो तवाच फड मोडल्ता.

म्हणलं, मंग तू मला सांगितलं का न्हाई. तो म्हणे, तू अजून ऐकत असशील असं वाटलं न्हाई. मी बी आता ऐकत न्हाई. त्या कॅसेटी दे फेकून.

म्हणलं, मागच्याचं काय झालं. तो म्हणे, कोण मागचा. म्हणलं, झील देणारा. त्याला ठाऊक न्हाई. चष्मेवाल्याचं ठाऊक आहे, साखळीवाल्याचं बी ठाऊक आहे.

मंग म्हणला, आजी, ठेवतो. मी म्हणलं, ठेव.

शकीलाला सांगितलं, लिही, एक फड मोडला म्हणून काय झालं, धर्मा दुसरा पाहील. जमत न्हाई म्हणाला, येत न्हाई म्हणाला न्हाई. शनिवारी संध्याकाळची एसटी असते.

८ एप्रिल, हनुमान जयंती

कालच्या एसटीतून शाळेचे मास्तर तेवढे उतरले, आणि बर्फाच्या लाद्या.

काकासाहेबानं पुढची खुर्ची धरून ठेवल्ती. गेले न्हाई, कान दुखतो म्हणून कळवलं. देवळाकडचा आर्केस्ट्रा घरात ऐकू येत होता. त्यावर लाइव्ह कॅसेट लावली. जत्रेनं लाइटीचा भार घेतला, लाइट गेली. सेल टाकले तर जुने निघाले. चष्मेवाल्याचा आवाज जड होत गेला, म्हाताऱ्या माणसावाणी. त्यानं पब्लिकला इचारलं तवा पब्लिकचा बी घसा बसलेला. मी आपलं उत्तर दिलं आणि बटण दाबलं. थकली असतील.

सुपारी फोडली, निम्मी शकीलाला दिली. आतून किडकी.

शकीला वही घेऊन बसली. म्हणे, आज काय लिहू. म्हणलं, लिही, फड आल्ता, लोकं मावली न्हाईत, तिघं बी पोटभर जेवले आणि गादीवर निजले.

तिनं लिहिलं न्हाई. पेनाला टोपण लावलं.

बरं, म्हणलं, मंग लिही. धर्मा आला न्हाई.