टेकडीवरच्या घराची वायर

बाबा, म्हसळ्याच्या अलीकडे एका टेकडीवर घर आहे, तिथं विजेचे खांब अजून पोचलेले नाहीत. निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, दोघंच राहतात. मास्तरांना दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनची नळी लागते. तिथं मी सोलर बसवला: छपरावर पॅनल, भिंतीवर जोडीनं चालणारे दोन इन्व्हर्टर, खाली लिथियम बॅटऱ्या. तुम्ही असताना हे आपल्याकडे नव्हतं, म्हणून सांगते. जुन्या ॲसिडच्या बॅटरीत किती उरलंय ते व्होल्टेजवरून थोडंफार कळायचं. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास तेवढंच राहतं आणि मग बॅटरी एकदम बंद होते. म्हणून बॅटरीपासून मुख्य इन्व्हर्टरपर्यंत एक बारीक वायर न्यावी लागते. किती शिल्लक आहे ते बॅटरी त्यातून कळवते, आणि मुख्य इन्व्हर्टर दुसऱ्याला सांगतो.

मी दुकानात मिळते ती कॉम्प्युटरची तयार वायर लावली. दोन्हीकडे नीट बसली, पण पडद्यावर बॅटरी दिसेना. दिवस कलला होता, शेवटची एसटी चुकली असती. मी सेटिंगमधून लिथियम काढलं आणि नुसत्या व्होल्टेजवर चालू ठेवलं. दिवे लागले, मशीन चाललं. बाईंनी विचारलं, सगळं झालं ना. मी हो म्हटलं.

आठवड्यानं सकाळी त्यांचा फोन आला. दोन दिवस आभाळ होतं. इन्व्हर्टर निम्मी बॅटरी दाखवत होता आणि घरातली वीज एकदम गेली. मास्तरांना ऑक्सिजनचा लहान सिलिंडर लावला होता, तो दुपारपर्यंत पुरला असता. मी भाड्याचा जनरेटर टेम्पोत टाकून निघाले. घाट चढताना आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही टेलिफोन खात्याच्या केबलचे तुकडे पाटावर मांडून माझ्याकडून रंगांच्या जोड्या पाठ करून घेताय. मी आयटीआयला आहे, आणि आज नागावला एका घरी फोनची वायर ओढून आलेय. घंटी वाजते का, तुम्ही विचारता. मी पाहिलेलंच नाही. तुम्ही ताटावरून उठता, हात धुता, सायकल काढता.

"बाय, तपासलं न्हाय तर झालं म्हनायचं न्हाय."

एवढंच बोललात. घंटी न तपासताच गेले होते, हे त्या घरच्या काकूंना माझ्याच तोंडून सांगायला लावलंत. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

टेकडीवर पोचल्यावर आधी मशीन जनरेटरवर घेतलं. मास्तर डोळे मिटून पडले होते, बाई त्यांचे तळवे चोळत होत्या. मग मी बॅटरीचं आणि इन्व्हर्टरचं माहितीपुस्तक समोर ठेवून बसले. वायरच्या आतल्या ज्या तारांवरून बॅटरी बोलत होती, त्या तारांवर इन्व्हर्टर ऐकतच नव्हता. वायरचं एक टोक कापलं, तारांचा क्रम बदलून नवा प्लग दाबला, सेटिंगमध्ये लिथियम परत घातलं. थोड्या वेळानं पडद्यावर खरा आकडा आला. बॅटरी जवळजवळ रिकामी होती. जनरेटरवर ती भरेपर्यंत मी तिथून हलले नाही.

बाई म्हणत होत्या, आभाळामुळे झालं असेल. मान डोलावली असती तर तिथंच मिटलं असतं.

"आभाळामुळे नाही, बाई. वायर चालत नव्हती, मला त्याच दिवशी ठाऊक होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी मास्तरांची नळी नीट केली. मास्तरांनी हळू आवाजात विचारलं, "आता खरं दाखवतंय?" मी हो म्हटलं. तेव्हा बाईंनी ताट वाढायला घेतलं, जेवून जा म्हणाल्या. मला तिथं जेवायला बसवेना. म्हणून सांगितलं, घरी वाट बघतायत.

घरी कोण आहे, बाबा? आई तुमच्यामागून दोन वर्षांत गेली. दादा पनवेलला राहतो, सणाला फोन करतो. त्या दिवशी जनरेटर परत करून मी एसटी स्टँडवर चहा-पाव खाल्ला आणि कुलूप उघडून आत आले. काम जमलं की सांगावं असं कुणी नाही, म्हणून हे तुम्हाला लिहायला बसले. टाकायचं कुठंच नाही, वहीतच राहील.

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. त्यानंतर मी त्या टेकडीवर तीनदा जाऊन आले, वायर बघायला आले असं सांगून. वायरला काहीही झालेलं नाही. बाई जेवून जा म्हणतात, आणि आता मी थांबते.